आगीला परका

फुजैराच्या मागं डोंगर आहेत, झाड नसलेले,
करपलेल्या गुळाच्या रंगाचे.
साडेपाचला सुरुंग, सहाला चहा,
मग दिवसभर क्रशर.
गॅब्रोची खडी पट्ट्यावरून बंदराकडे सरकते,
जहाजानं कुवेतला, बहरीनला,
कुणाच्या तरी रस्त्याखाली.

माझं काम छोटं.
दर खेपेतला एक तुकडा कापायचा,
काचेवर चिकटवायचा, घासायचा
तीस मायक्रॉन उरेपर्यंत.
इतका की दगडातून खालचं छापील वाचता यावं.

तेव्हा तो हाती आला.
पापुद्र्यांवर पापुद्रे, हिरवट करडा,
एकाच अंगानं कासं:
पावलं चोळून झाल्यावर
तुपानं ओशटलेल्या वाटीला असते तशी झाक.

शम्साबाईंना दाखवला.
शम्सा अल-यमाही, आमच्या लॅबच्या इंजिनियर,
याच डोंगरातल्या; त्यांच्या आजोबांच्या शेळ्या
आता जिथं खाण आहे तिथं चरायच्या.
म्हणाल्या, डायलेज.
ग्रीकमध्ये त्याचा अर्थ फरक.
सगळ्या बाजूंनी सारखा सुटत नाही, म्हणून.
आडनाव पायरॉक्सिन, म्हणजे आगीला परका.
फ्रान्समधल्या एका पाद्र्यानं दोनशे वर्षांमागं
लाव्ह्यात असले खडे पाहिले,
त्याला वाटलं हे इथले नव्हेत,
वाटेत कुठंतरी चढलेत.

चुकलं त्याचं.
खडे त्याच रसात जन्मलेले,
रस वर यायच्याही आधी.
चूक कळली. नाव राहिलं.
(परका म्हणजे पाहुणासुद्धा, ग्रीकमध्ये एकच शब्द आहे,
असं त्या दारातून जाता जाता म्हणाल्या.)

आमचा रिपोर्ट अरबीतही निघतो.
अरबीत प नाही.
तो बैरोक्सीन होतो,
मी पुनाजी पिटेकर, ओळखपत्रावर बुनाजी बितेकर,
अकरा वर्षं झाली.
पहिल्या वर्षी दुरुस्तीचा अर्ज केला होता.
खिडकीतल्या माणसानं दोनदा, अगदी मनापासून,
ओठ मिटून पाहिले.
बाहेर ब आला.
आम्ही दोघंही हसलो. अर्ज परत घेतला.

डायलेजचं तर तेवढंही उरलं नाही.
कुठल्याशा समितीनं पायरॉक्सिनांची यादी झाडून घेतली
तेव्हा शंभरावर जुनी नावं निघाली, त्यात हे.
आता लिहायचं: क्लायनोपायरॉक्सिन, चौतीस टक्के.
बाई बोलताना जुनंच म्हणतात.
मीही बरणीवरची चिठ्ठी बदललेली नाही.

सूक्ष्मदर्शकात, एकमेकींना आडव्या दोन काचांमध्ये,
त्याचं करडेपण जातं.
मोरपिसाच्या देठाजवळचा निळा, मग लालसर,
मग एक रंग ज्याला मला शब्द नाही.
टेबल फिरवलं की विझतो,
पाव फेऱ्यानं पुन्हा विझतो,
मधे पेटतो.
आगीला परका म्हणे.

शुक्रवारी आईला सांगितलं हे सगळं.
आई टाकीवाली. पन्नास गावं ओरडत फिरली,
पाट्याला टाकीऽ, जात्याला टाकीऽ.
घरच्या काळ्या दगडातही याचाच भाऊबंद बसलेला,
तिनं जन्मभर त्याला छिन्नी मारली,
नाव विचारलं नाही.
नाव, अर्थ, पाद्री, समिती, सगळं ऐकून घेतलं तिनं.
मग म्हणाली, फुटतो कसा?
जवळजवळ काटकोनात. तीन अंशांनी चुकतो.
आणि ते पापुद्रे?
सुटतात, आई. नखानं नाही, पण सुटतात.
मग पाट्याला नाही चालायचा.
चटणीत कच येईल.

मागं क्रशर सुरू झाला.
ती म्हणाली,
मोठ्यानं बोल की जरा, पुन्या.